सरावाचा टायर आणि परतीची वाट



व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हटले की संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण किंवा आरोग्य असा एखादा भारदस्त विषय श्रोत्यांच्या मनात आधीच तयार असतो. आमचा विषय रबराचा आहे. आणि तोही मोटारीच्या नव्हे, सायकलीच्या रबराचा. चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘सरावाच्या सायकलीसाठी परवडणारा टायर’ असे सांगितले. त्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘विषय जरा लहान वाटत नाही का?’ आम्ही म्हणालो, ‘लहान आहे खरा, पण माणसाचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले की त्याच्या आणि डांबरी सडकेच्या मध्ये एवढीच लहान वस्तू उरते.’ तेव्हा त्यांनी परवानगी दिली.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्या वेळी जगात सायकल होती, पण तिला हवेचा टायर नव्हता; चाकावर भरीव रबराची पट्टी असे, आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. हवेच्या टायरची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच काढून पेटंट घेतले होते. परंतु ती कल्पना काळाच्या आधी आली आणि विसरली गेली. पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप ह्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून हवेच्या नळ्या बसवल्या. म्हणजे बापाला मुलाची काळजी वाटली, त्यातून हा टायर जन्माला आला. दुसऱ्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या स्वाराने तो जाडाजुडा टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचा जमाना संपला.

पण आज आम्हाला शर्यतीच्या टायरबद्दल बोलावयाचे नाही. शर्यती जिंकणारे थोडे. रोज पहाटे सराव करणारे पुष्कळ. आपल्या छत्रपती संभाजीनगरात पहाटे साडेपाचला क्रांती चौकात उभे राहिले तर हे लोक दिसतात. कोणी पडेगाव-मिटमिट्यावरून दौलताबादेकडे निघतो, कोणी चौक्याच्या घाटाकडे, कोणी पैठणच्या रस्त्याला लागतो. त्यांत डॉक्टर आहेत, वाळूजच्या कारखान्यांतले कामगार आहेत, बँकेतले कारकून आहेत, आणि खोली भाड्याने घेऊन शिकणारी खेड्यापाड्यांतली मुलेही आहेत. डॉक्टरांना टायरची किंमत विचारावी लागत नाही. त्या मुलांना विचारावी लागते. आजचे हे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि ते आम्ही का करीत आहो, हे प्रथम सांगितले पाहिजे.

आमच्या पहाटेच्या टोळीत काही वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी येत असे. जुनी पण चांगली शर्यतीची सायकल त्याने हप्त्याहप्त्याने घेतली होती. पाय उत्तम, छाती उत्तम, फक्त खिसा रिकामा. त्याचा मागचा टायर झिजून मधोमध सपाट झाला होता. नवे दोन घेणे शक्य नव्हते. कसाबसा एक आला. त्याने आम्हाला विचारले, ‘काका, जुना फेकू का?’ आम्ही वडीलकीच्या थाटात म्हणालो, ‘फेकतोस कशाला? चालेल अजून महिनाभर. नवा मागे घाल, मागे वजन जास्त असते. जुना पुढे घाल.’ त्याने आमचे ऐकले. तीन आठवड्यांनी खुलताबादेहून परतताना दौलताबादच्या घाटाच्या उतारावर तो पुढचा टायर फुटला. मुलगा पडला. खांद्याजवळचे हाड मोडले, दात गेला, आणि एक परीक्षाही गेली. त्याच्या आईने आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि ते अधिक जड गेले. त्या ‘चालेल’ ह्या शब्दाचे आम्हाला जे प्रायश्चित्त घेता येईल, ते म्हणजे ह्या विषयाचा नीट अभ्यास करणे आणि तो चार लोकांसमोर सांगणे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सरावाच्या टायरकडून आपल्याला काय पाहिजे? दुकानात गेलेला तरुण प्रथम वजन विचारतो, मग वेग विचारतो. कारण जाहिराती शर्यतीच्या टायरच्या असतात. तेव्हा आधी वेगाचाच हिशोब मांडू.

टायर सडकेवरून फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा उठतो. रबर दाबायला जेवढी शक्ती लागते तेवढी ते उठताना परत देत नाही. थोडी उष्णतेच्या रूपाने गिळून टाकते. हीच टायरची ओढ. महागड्या टायरचे कापड तलम असते, रबर पातळ आणि चपळ असते, म्हणून तो कमी गिळतो. स्वस्त टायर अधिक गिळतो. किती अधिक? स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरा. उत्तम टायरची ओढ ह्या वजनाच्या हजारी चार आणि साध्या टायरची हजारी सात धरली, तर फरक हजारी तीनचा, म्हणजे अवघ्या २४० ग्रॅमच्या ओढीचा. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाला एवढ्यासाठी सुमारे २० वॉट अधिक शक्ती लागते. सपाट रस्ता आणि सारखाच जोर धरून हिशोब केला, तर शहरातून वेरूळला जाऊन येण्याच्या साधारण ६० किलोमीटरांत साध्या टायरवाल्याला पाच-सहा मिनिटे जास्त लागतील.

शर्यतीत पाच मिनिटे म्हणजे सर्वस्व. पण सरावात ती पाच मिनिटे कोणाची गेली? आपण सराव करतो तो पायांना मेहनत व्हावी म्हणून. तालमीतला पैलवान हलक्या गदेसाठी जास्त पैसे मोजत नाही. टायरने थोडी अधिक ओढ लावली, तर मेहनत अधिक झाली, एवढेच. उलट वाटेत एक पंक्चर झाले की चाक काढा, काटा शोधा, ट्यूब बदला, हातपंपाने हवा भरा, ह्यात पंधरावीस मिनिटे सहज जातात. आणि ज्याला साडेआठला कारखान्याच्या फाटकावर हजर व्हावयाचे आहे त्याचा अर्धा दिवस कापला जातो. म्हणून सरावाच्या टायरची पहिली परीक्षा ही की त्याने आपल्याला घरी आणले पाहिजे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी आपल्या दौलताबादेला आणली. येण्याचा बेत त्याने मोठा केला, परतीचा केला नाही, आणि शेवटी लोकांना परत जावे लागले. सायकलवाल्याने तरी ही चूक करू नये.

ही जुनीच गोष्ट आहे. १८९१ साली फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरची पहिली शर्यत झाली. त्या काळचे टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर झाले तर ते उकलून, दुरुस्त करून, पुन्हा चिकटवून वाळवावे लागे. मिशलिन बंधूंनी त्याच वर्षी काढता-घालता येणारा टायर आणला. तो लावून शार्ल तेराँ हा स्वार ७१ तासांच्या आसपास परत आला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्वाराला कित्येक तास मागे टाकून जिंकला. त्याला पंक्चरे झाली नाहीत असे नाही. पण ती रस्त्यातच दुरुस्त करता आली. वेगाच्या शर्यतीतसुद्धा टायर दुरुस्त होण्याजोगा असणे ही केवढी गोष्ट आहे, हे त्या दिवशी जगाला कळले.

मग आपल्या रस्त्यांवर टायरचे शत्रू कोण? पहिला शत्रू बाभळीचा काटा. त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. दुसरा सराटा. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारी, लहान पिवळ्या फुलांची ही वेल. तिची फळे वाळली की फुटून त्यांचे काटेरी तुकडे होतात, आणि कसेही पडले तरी एक काटा वर राहतो. ही वनस्पती भूमध्य समुद्राकडून अमेरिकेच्या पश्चिम भागात पोचली, आणि तेथल्या लोकांनी तिचे नावच ‘पंक्चरची वेल’ असे ठेवले आहे. तिसरा शत्रू नवा आहे. मालमोटारींच्या टायरमध्ये पोलादी तारांचे कापड असते. असा टायर जालना रस्त्यावर किंवा बीड बायपासला फुटला की त्या तारांचे केसाएवढे बारीक तुकडे कडेला विखुरतात. ते दिसत नाहीत. ट्यूबमध्ये भोक सापडते, पण टायरमध्ये काही सापडत नाही. म्हणून नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत तीही बसते. अशा वेळी टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा चिंधी हळूच फिरवावी. जेथे धागा अडकेल तेथे तार आहे. आणि चौथा शत्रू म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची धारदार खडी, जी टायरची कूस चिरते.

हे शत्रू ध्यानात घेतले की टायर कसा असावा हे आपोआप ठरते. टायरचे तीन भाग पाहावे. आत धाग्यांचे कापड, त्यावर सडकेला लागणारे रबर, आणि दोन्ही कडांना रिममध्ये बसणारी कड. शिवाय चांगल्या सरावाच्या टायरमध्ये कापड आणि रबर ह्यांच्या मध्ये काटा अडवणारा एक पट्टा असतो. पैसे द्यावयाचे ते ह्या पट्ट्यासाठी आणि रबराच्या जाडीसाठी. कापडात इंचाला धागे किती, हा आकडा दुकानदार मोठ्या अभिमानाने सांगतो. साध्या टायरला तीसच्या आसपास, मध्यमाला साठ, महागाला शंभराच्या वर. जास्त धागे म्हणजे कापड तलम, आणि तलम कापड लवकर चिरते. धोतर आणि गोणपाट ह्यांतला फरक आपल्याला ठाऊक आहेच. शिवाय साठ धाग्यांचे तीन थर एकावर एक घालून ‘एकशे ऐंशी’ असे लिहिण्याचीही चाल आहे. सरावाला साठ धागे पुरेत.

कड दोन प्रकारची असते. एकीत पोलादी तार असते, तो टायर घडी होत नाही. दुसरीत मजबूत धाग्याची दोरी असते, तो घडी करून खिशात ठेवता येतो. घडीचा टायर थोडा हलका असतो आणि बराच महाग असतो. चाकावर चढल्यानंतर दोघांच्या कामात सरावापुरता फरक नाही. ज्याला पैसे वाचवावयाचे आहेत त्याने येथे खुशाल वाचवावे. तारेचा टायर घ्यावा, आणि वाचलेल्या पैशांत दोन जादा ट्यूबा घ्याव्या.

आता नक्षीविषयी. आपल्याकडे टायर पारखताना लोक प्रथम नक्षी पाहतात. मोटारीच्या बाबतीत ते बरोबर आहे. तिचा टायर रुंद आणि दाब कमी, म्हणून पावसात तो पाण्यावर तरंगू शकतो, आणि पाणी बाहेर काढायला खाचा लागतात. सायकलीचा टायर अरुंद, गोल आणि भरपूर दाबाचा. त्याला पाण्यावर तरंगायचे तर ताशी शंभर किलोमीटरच्याही पुष्कळ पुढे जावे लागेल. तेव्हा डांबरी रस्त्यावर गुळगुळीत टायर घसरतो ही समजूत चुकीची आहे. पकड असते ती रबराच्या जातीत. ओल्या सडकेवर कडक रबर घसरते, आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर सगळेच घसरते.

रुंदीची गोष्टही अशीच उलटी निघाली आहे. पूर्वी २३ मिलिमीटरचा टायर खच्चून भरला की वेग वाढतो असे मानीत. हवेचा दाब सारखा असेल तर अरुंद आणि रुंद दोन्ही टायर जमिनीला सारख्याच क्षेत्रफळाने टेकतात. मागच्या चाकावर ४५ किलो भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे ८५ पौंड हवा, असेल तर टेकलेली जागा साडेसात चौरस सेंटिमीटर; एखाद्या मोठ्या टपाल तिकिटाएवढी. एवढ्या जागेवर आपण जीव ठेवून घाट उतरतो. अरुंद टायरमध्ये ही जागा लांबट असते, रुंद टायरमध्ये आखूड. आखूड जागेत टायर कमी दबतो आणि कमी शक्ती गिळतो. म्हणून आज मोठ्या शर्यतींतले स्वारही २८ आणि त्याहून रुंद टायर वापरतात. आपल्या खड्ड्यांना तर २५ किंवा २८ हेच योग्य. मात्र घेण्यापूर्वी सायकलीचा चिमटा आणि ब्रेक ह्यांत जागा आहे ना हे मोजावे. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर तीनचार मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत.

मापाच्या घोटाळ्यात पुष्कळांचे पैसे बुडतात, म्हणून दोन शब्द. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा २८ × १½ चा टायर फुलंब्रीच्या किंवा गंगापूरच्या दुकानात सहज मिळतो. तो आपल्या शर्यतीच्या सायकलीला बसत नाही. त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, आपला ६२२. सत्तावीस इंची म्हणून एक जुने माप आहे, ते ६३०; ते आपल्या चाकाला बसल्यासारखे वाटते आणि हवा भरली की निसटते. तेव्हा इंचांच्या नादी न लागता टायरच्या कुशीवर कोरलेला लहान आकडा वाचावा. २५-६२२ किंवा २८-६२२ असे असेल तर तो आपला. तीच गोष्ट हवेच्या तोंडाची. शर्यतीच्या ट्यूबला बारीक तोंड असते, आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला ते लागत नाही. पितळेचा एक लहानसा जोड मिळतो, त्याला फारच थोडे पैसे पडतात. तो खिशात असला तर कोणत्याही खेड्यातला पंक्चरवाला आपला तारणहार होतो. नसला तर त्याच्या दुकानासमोर आपण हवेवाचून बसतो.

आता किंमत. आम्ही नावाची शिफारस करीत नाही, पण पायऱ्या सांगतो. आपल्या देशात लुधियानाला राल्सन आणि हैदराबादेला हार्टेक्स हे सायकलीच्या टायरचे मोठे कारखानदार आहेत. परदेशी कंपन्याही आपल्या स्वस्त पायरीवर सरावाचे टायर ठेवतात. कॉन्टिनेंटलचा अल्ट्रा स्पोर्ट, व्हिट्टोरियाचा झाफिरो, श्वाल्बेचा लुगानो ही त्या पायरीवरची नावे. काट्याविरुद्ध खास मजबूत केलेला गेटरस्किन हा एक पायरी वर. ग्रां प्री ५००० सारखे टायर शर्यतीचे. उत्तम आहेत, पण आपल्या सराट्यांना त्यांची कीर्ती ठाऊक नाही.

ह्यांतून निवड करताना दुकानातली किंमत पाहू नका. किलोमीटरमागची किंमत काढा. हिशोब समजावा म्हणून तीन काल्पनिक टायर घेऊ. पहिला ५०० रुपयांचा, २,००० किलोमीटर चालला, सहा पंक्चरे झाली; प्रत्येकाला ५० रुपये धरा. एकूण ८०० रुपये, म्हणजे किलोमीटरला ४० पैसे. दुसरा १,४०० रुपयांचा, ५,००० किलोमीटर चालला, चार पंक्चरे झाली. एकूण १,६०० रुपये, किलोमीटरला ३२ पैसे. तिसरा शर्यतीचा, ४,५०० रुपयांचा, ४,००० किलोमीटर चालला, सहा पंक्चरे झाली. एकूण ४,८०० रुपये, किलोमीटरला १ रुपया २० पैसे. सर्वांत स्वस्त वाटणारा टायर मधल्यापेक्षा महाग पडला, आणि सर्वांत महाग टायर चौपट जवळ गेला. हे आकडे आमचे कल्पनेचे आहेत. खरे आकडे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहावे. टायर चढवला ती तारीख आणि उतरवला ती तारीख, एवढे लिहिले तरी दोन वर्षांत आपल्याला कोणाचा सल्ला घ्यावा लागणार नाही.

स्वस्तात चांगला टायर मिळवण्याचा आणखी एक मार्ग आहे. पुष्कळ हौशी लोक नवी सायकल घेतात आणि तिच्यावरचे साधे टायर पहिल्याच आठवड्यात काढून महागडे घालतात. ते काढलेले टायर दुकानदाराकडे कोऱ्यासारखे पडून असतात. निम्म्याच्या आसपास किमतीत मिळतात. हौस त्यांची, सराव आपला. मात्र कोणताही पडून राहिलेला टायर घेताना तो वाकवून पाहावा. कुशीवर बारीक भेगा दिसल्या तर ते रबर उन्हाने आणि वयाने कडक झाले आहे. फुकट मिळाला तरी तो घेऊ नये.

टायर घेतल्यावर तो राखावा कसा? कुशीवर लिहिलेला हवेचा आकडा ही शेवटची मर्यादा असते. तेवढी हवा भरलीच पाहिजे असा तो हुकूम नाही. सत्तर किलोच्या माणसाला २५ च्या टायरमध्ये मागे पंच्याऐंशीच्या आसपास आणि पुढे त्याहून पाचदहा पौंड कमी, २८ च्या टायरमध्ये आणखी दहापंधरा पौंड कमी, इथून सुरुवात करून आपल्या अंगाला आणि रस्त्याला सोसेल तसे बदलावे. हवा फार कमी असली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि एकाशेजारी एक अशी दोन भोके पडतात. फार जास्त असली तर टायर प्रत्येक खड्यावर उडतो आणि लवकर चिरतो. आपल्या उन्हाळ्याचाही विचार करावा. पहाटे २० अंशाला भरलेली ८५ पौंड हवा ४५ अंशाला आठएक पौंडांनी वाढते. सायकल दुपारी उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवणाऱ्याने काठोकाठ हवा भरून ठेवू नये.

आणि आता ज्याच्यासाठी आम्ही येथे उभे आहो ती गोष्ट. मागचा टायर पुढच्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने झिजतो, कारण भारही त्याच्यावर आणि पायांचा जोरही त्याच्यातून जातो. म्हणून मागचा आधी संपतो. तो संपला की पुढचा अर्धामुर्धा झिजलेला टायर काढून मागे घालावा, आणि नवा टायर पुढे घालावा. नेहमी नवा पुढे. कारण मागचा टायर फुटला तर सायकल लटपटते, पण बहुधा सावरता येते. पुढचा फुटला तर हातातली दिशाच जाते, आणि उतारावर सावरायला वेळ मिळत नाही. आम्ही त्या मुलाला नेमके उलटे सांगितले. आमचे गणित भाराचे होते. ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. टायर कोठे अधिक झिजेल एवढेच आम्ही पाहिले. तो फुटला तर काय होईल हे पाहिले नाही.

टायर संपला हे कसे ओळखावे? काही टायरवर दोन बारीक खळगे केलेले असतात. ते दिसेनासे झाले की संपला. खळगे नसतील तर मधला भाग गोल न राहता सपाट झाला आहे का पाहावे; एकाएकी पंक्चरे वाढली का पाहावे. रबरातून कापडाचा धागा दिसला, कूस फुगली किंवा चिरली, तर त्या क्षणी टायर संपला. मग तो महिनाभर ‘चालेल’ असे सांगणारा कितीही वडीलधारा असो. वाटेतच कूस चिरली तर चिरेच्या आतल्या बाजूला जुन्या टायरचा तुकडा, तो नसेल तर घडी घातलेली दहाची नोट ठेवून, हवा थोडी कमी भरून, सावकाश घरी यावे. ती नोट तेवढी चिवट असते. पण घरी आल्यावर नोट काढून घ्यावी आणि टायर फेकून द्यावा. नोट आत आहे म्हणून टायरही आणखी चालेल असे समजू नये.

हे सगळे बारीकसारीक वाटेल. पण मोठ्या प्रवासांचा पाया असाच असतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी केली. त्या शर्यतीचे दिवस दहाबारा. त्यामागच्या सरावाची वर्षे. ती वर्षे लोकांना दिसत नाहीत. उद्या आपल्या मराठवाड्यातून असा कोणी निघाला, तर तो आज चौक्याच्या घाटात साध्या टायरवर घाम गाळीत असेल. तो टायर त्याला परवडला पाहिजे, आणि त्याने त्याला सुखरूप घरी आणले पाहिजे. त्याच्या आईवडिलांना सायकलीतले काही कळत नसेल. तरी त्यांनी महिन्यातून एकदा पुढच्या टायरवर अंगठा फिरवून पाहावा. धागा हाताला लागतो.

तो मुलगा पुढे बरा झाला. वर्षभराने पुन्हा सायकलीवर बसला, नोकरीलाही लागला. पहाटे निघण्यापूर्वी तो वाकून दोन्ही टायर तपासतो. आधी पुढचा, मग मागचा. त्यानंतर, आम्ही मागितले नसतानाही, आमचे टायर तपासतो. मागच्याच महिन्यात त्याने आमच्या पुढच्या टायरवर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘काका, हा बदला.’ आम्ही सवयीने म्हणणार होतो की चालेल अजून महिनाभर. त्याच्या खांद्याकडे पाहिले आणि मुकाट्याने दुकान गाठले.